एरंडेल पिणारी होडी

अमेरिकेत रिमोटवर चालणाऱ्या छोट्या नायट्रो होड्यांच्या शर्यतीचा नेहमीचा मार्ग एक तृतीयांश मैलाचा असतो. लंबगोल वळसा, पाण्यात रंगीत बोये आणि सहा फेऱ्या. म्हणजे एकूण दोन मैल. ताशी ६० मैलांनी पळणारी होडी हे अंतर दोन मिनिटांत कापते. या दोन मिनिटांसाठी तिचा मालक शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत गॅरेजात असतो, शनिवारी पहाटे गाडी काढून दुसऱ्या गावच्या तळ्यावर पोचतो आणि रविवारी दिवसभर पुन्हा गॅरेजात असतो, कारण दोन मिनिटांत जे जे बिघडण्यासारखं होतं ते बिघडलेलं असतं. सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं, सुट्टीत काय केलं, तर तो सांगतो, होडी चालवली. खोटं बोलत नाही तो.

नायट्रो होडी हे खेळणं आहे असं ज्याला वाटतं त्याने एकदा तिचं झाकण काढून बघावं. टू-स्ट्रोक इंजिन, इंधनाची टाकी, पाण्याने थंड होणारं सिलिंडर हेड, मागच्या पंख्यापर्यंत गेलेला दांडा, सुकाणू, सगळं जागच्या जागी. इंजिन तेवढं साडेतीन सीसीचं, मुठीत मावेल असं. पण ते मिनिटाला वीस हजारांच्या वर फेरे घेतं. आपल्या मोटारीचं इंजिन सहा-सात हजारांवर गेलं की काटा लाल पट्टीत शिरतो आणि शेजारी बसलेलं माणूस दाराची मूठ धरतं. ज्यांचं तारुण्य चेतक स्कूटर तिरकी करण्यात आणि प्लग काढून पॉलिश पेपरने घासण्यात गेलं, त्यांना या यंत्राचा स्वभाव ओळखीचा वाटेल. फरक इतकाच, की चेतक रस्त्याच्या कडेला बंद पडायची आणि होडी तळ्याच्या मधोमध बंद पडते.

या इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. असतो तो ग्लो प्लग, १९४७ साली अमेरिकेत रे आर्डन यांनी बाजारात आणलेला. त्याआधी एवढ्याशा इंजिनाबरोबर कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी असा सगळा संसार वाहून न्यावा लागे. आर्डन यांच्या प्लगात केसासारखी बारीक प्लॅटिनमच्या मिश्रधातूची तार असते. सुरू करताना दीड व्होल्ट लावून ती लाल करायची, इंजिनाने पेट घेतला की बॅटरी काढून घ्यायची. पुढे मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्यातल्या रासायनिक क्रियेने, शिवाय ज्वलनाच्या उष्णतेने, तार आपली आपण धगधगत राहते. युक्ती सुंदर आहे. मात्र हवा-इंधनाचं मिक्श्चर जरा इकडचं तिकडं झालं की ही तार वितळते, तुटते किंवा पिस्टनच्या डोक्यावर जाऊन चिकटते. नायट्रोवाल्याच्या पेटीत म्हणून प्लगचा साठा कायम असतो. पुष्कळ घरांत प्लॅटिनम तेवढंच असतं, आणि ते असं मूठमूठभर जळतं.

आता इंधन. मूळ मिथेनॉल, त्यात नायट्रोमिथेन आणि तेल. हौशी लोकांच्या डब्यात नायट्रो साधारण दहा ते तीस टक्के असतं, शर्यतीवाले निम्म्याच्याही पुढे जातात. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला साधारण साडेसहा आणि नायट्रोमिथेनला फक्त १.७. कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. मंगल कार्यालयात स्वतःचा डबा घेऊन आलेला हा पाहुणा. त्यामुळे तेवढ्याच हवेत पेट्रोलच्या आठपटीहून जास्त नायट्रोमिथेन जाळता येतं. किलोमागे उष्णता पेट्रोलच्या चौथाईच मिळते, तरी एकूण हिशोबात ताकद दुपटीच्या वर जाते. अमेरिकेतल्या टॉप फ्युएल ड्रॅगस्टर गाड्या हेच नायट्रोमिथेन नव्वद टक्क्यांपर्यंत मिसळून पितात. हिशोबाची दुसरी बाजू अशी, की एवढीशी होडी खिशाच्या मानाने फार पिते.

राहिलं तेल, आणि इथे मराठी वाचकाने सावरून बसावं. हे तेल म्हणजे एरंडेल. लहानपणी रविवारी सकाळी नाक दाबून जे घशाखाली उतरवलं गेलं, तेच. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं वंगण नसतं, इंधनात मिसळलेलं तेल हेच त्याचं वंगण. आणि डब्यातला पाचवा-सहावा हिस्सा तेलाचा असतो. एरंडेलाचा गुण असा, की धातू तापला तरी ते त्याला धरून राहतं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती रोटरी इंजिनं याच तेलावर चालत आणि बिचारे वैमानिक त्याचा धूर पोटात घेत उडत. त्याचा परिणाम पोटावर व्हायचा तो होत असे. कॅस्ट्रॉल हे नावही १९०९ साली कॅस्टर ऑइलवरून आलं. जगात एरंडी सर्वांत जास्त पिकते ती भारतात, त्यातही गुजरातेत. तेव्हा ओहायोतल्या एखाद्या तळ्यावर निळसर धूर सोडत गेलेल्या होडीत मेहसाण्याच्या शेताचा अंश असणं अगदी शक्य आहे. हल्ली कृत्रिम तेलं आली आहेत, पण जुने लोक त्यात थोडं एरंडेल घातल्याशिवाय इंजिनाला हात लावत नाहीत. त्यांच्या आज्यांचंही मत हेच होतं.

एरंडेलाला एक खोडही आहे. तापून तापून ते इंजिनावर तपकिरी रोगणासारखं बसतं आणि कशाने निघत नाही. त्यावर नायट्रोवाल्यांनी शोधलेला उपाय म्हणजे इंजिन शिजवणं. खरोखर शिजवणं. मंद आचेवर चालणारं विजेचं भांडं आणायचं, त्यात मोटारीच्या रेडिएटरचं अँटिफ्रीझ ओतायचं, रबराचे भाग काढलेलं इंजिन त्यात बुडवायचं आणि रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी इंजिन दुकानातून आणल्यासारखं चकचकीत निघतं. अँटिफ्रीझ विषारी असल्यामुळे ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ शकत नाही. भांडं मुळात स्वयंपाकघरातूनच आलेलं असतं, ही बाब घरात लक्षात यायला एक-दोन दिवस लागतात.

तळ्याकाठचा कार्यक्रम बघण्यासारखा असतो. होडी एका स्टँडवर ठेवतात. इंजिन थंड असताना पिस्टन सिलिंडरच्या वरच्या टोकाला आवळून बसलेला असतो, कारण तिथे भोक मुद्दाम किंचित निमुळतं ठेवलेलं असतं. तापल्यावर पितळेची नळी प्रसरण पावते आणि मग फट बरोबर होते. त्यामुळे हाताने फ्लायव्हील फिरवलं की किच्च असा आवाज येतो. नवखा माणूस घाबरतो, जाणता समाधानाने मान हलवतो. फ्लायव्हीलच्या खाचेत रबरी पट्टा अडकवायचा, तो बारा व्होल्टच्या स्टार्टरला लावायचा, प्लगवर बॅटरीची टोपी बसवायची आणि बटण दाबायचं. एकदा घुर्र, दोनदा घुर्र, मग असा काही कर्कश टाहो फुटतो की तळ्यावरची बदकं आपण होऊन पलीकडच्या काठाला जातात.

आणि आता घाई. या इंजिनाला थंड करणारं पाणी तळ्यातूनच यायचं असतं. सुकाणूपाशी एक नळी असते, होडी पळू लागली की तिच्यातून पाणी रेट्याने आत शिरतं, हेडभोवती फिरतं आणि कुशीतल्या भोकातून बारीक धारेने बाहेर पडतं. काठावर इंजिन कोरडं, म्हणजे वेळ काही सेकंदांचाच. मदतनीस किंचाळणारी होडी दोन्ही हातांनी उचलतो, पाण्याजवळ धावतो आणि सपाट फेकतो. मागचा पंखा ब्लेडसारखा धारदार करून फिरत असतो, त्यामुळे होडी कुठे धरायची हे त्याला आधीच बजावून सांगितलेलं असतं. होडीचा मालक त्या वेळी रिमोट धरून उभा असतो. उडी मारावी लागली तर कोणी मारायची, हेही ठरलेलं असतं. मालकाने नव्हे.

खरा घोळ पुढेच आहे. कार्ब्युरेटरच्या सुईने मिक्श्चर लावायचं असतं, आणि ते लावायचं तर इंजिनावर भार हवा. भार पाण्यातच येतो. पाण्यात होडी दीडशे फुटांवर असते आणि सुई होडीत असते. म्हणजे एक चक्कर मारायची, आवाज ऐकायचा, होडी काठाला आणायची, सुई चिमूटभर फिरवायची आणि पुन्हा फेकायची. मिक्श्चर रिच, म्हणजे इंधन जास्त, असेल तर होडी ढगासारखा धूर सोडत रमतगमत जाते आणि अडखळत बोलते. लीन, म्हणजे इंधन कमी, असेल तर काय गाते! काठावरचे सगळे माना डोलावतात, वेग वाढतो, आवाज तलम होतो, आणि त्या सुरातच प्लग जातो. नशीब खोटं असेल तर पिस्टनही. लीन इंजिन मरायच्या आधी सर्वांत सुंदर वाजतं. हे प्रत्येकाला माहीत असतं, तरी प्रत्येक जण आणखी एक खाच आत फिरवतोच. बाजूला उभे असलेले चार जण चार दिशांना सुई फिरवायला सांगत असतात, त्यांपैकी दोघांच्या होड्या सकाळपासून सुरूच झालेल्या नसतात.

होडी मध्ये बंद पडली, की क्लबची वल्ह्याची नाव असेल तर ठीक. नाही तर मासेमारीचा गळ. गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधायचा, तो होडीच्या पलीकडे टाकायचा आणि दोरी हळूहळू ओढत होडीला वेढा घालून काठाला आणायचं. मोठी माणसं चेंडू बांधलेला गळ घेऊन चिंताक्रांत चेहऱ्याने तळ्याकडे बघत उभी असतात, तेव्हा फिरायला आलेली मंडळी काही विचारत नाहीत, जरा लांबून जातात.

नुसतं बंद पडणं परवडलं. उलटी झाली तर काम वाढतं. वीस हजार फेऱ्यांवर असलेल्या इंजिनाने हवेऐवजी पाण्याचा घोट घेतला, की पाणी काही दबत नाही, त्यामुळे वाकतो तो कनेक्टिंग रॉड. तो वाचला तरी प्लग काढा, होडी पालथी धरा, फ्लायव्हील फिरवून पाण्याचा फवारा बाहेर काढा, इंधन घालून पुन्हा फिरवा, आणि शक्य तितक्या लवकर इंजिन एकदा चालवून घ्या, नाही तर बेअरिंगवर गंज चढलाच. होडी मुळात बुडू नये म्हणून आत फोम कोंबलेला असतो. त्यासाठी उत्तम माल म्हणजे पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या त्या लांब रंगीत नळ्या, तुकडे करून. रेडिओच्या रिसीव्हरला पाण्यापासून वाचवायला पुष्कळ जण तो वाढदिवसाच्या फुग्यात घालून तोंड बांधतात. कुटुंबात कुणाचा वाढदिवस नसताना फुगे विकत घेणारा गृहस्थ दिसला, तर लगेच वाईट शंका घेऊ नये.

देखभालीचा मोठा भाग घरी आल्यावर सुरू होतो. मिथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, नायट्रोच्या ज्वलनातून आम्ल राहतं, आणि दोघं मिळून एका रात्रीत मागच्या बेअरिंगचं वाटोळं करतात. म्हणून टाकी रिकामी होईपर्यंत इंजिन चालवायचं आणि मग आत तेलाचे थेंब सोडून फिरवून ठेवायचं. या कामासाठी अमेरिकेत अनेकांची निष्ठा मार्व्हल मिस्टरी ऑइल नावाच्या तेलावर आहे. नावातच गूढ आहे म्हटल्यावर आत काय आहे हे विचारायची सोय नाही. मग पंख्याकडे जाणारा दांडा. तो अखंड लोखंडी नसतो, तारांची पीळ दिलेली लवचीक केबल असते. ती बाहेर ओढायची, पुसायची, ग्रीस चोपडायचं, परत घालायची. त्याच सुमारास कळतं की सगळी होडी आतून-बाहेरून एरंडेलाने माखली आहे, कारण तेल जळत नाही, ते एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. होडीला, हाताला, गाडीच्या सीटला, दाराच्या मुठीला.

एवढं सगळं निस्तरून माणूस थकेल आणि गप्प बसेल, असं वाटतं. तो अपग्रेड करायला घेतो.

सुरुवात बहुधा पाइपने होते. तयार मिळणाऱ्या होडीला साधा सायलेन्सर असतो, आणि कुणीतरी येऊन सांगतं, ट्यून्ड पाइप लाव. हा फुगीर पोटाचा, दोन्ही टोकांना निमुळता पाइप म्हणजे थट्टा नव्हे. एक्झॉस्टची लाट आत जाते, मागच्या शंकूवर आपटून परत येते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिक्श्चर पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ही विद्या पूर्व जर्मनीत एमझेड कारखान्यातल्या वॉल्टर काडेन यांनी मोटरसायकलींवर विकसित केली. त्यांचा रेसर अर्न्स्ट डेग्नर १९६१ साली स्वीडनच्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला, ती विद्या डोक्यात घेऊन सुझुकीकडे गेला आणि पुढच्याच वर्षी सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. शीतयुद्धातला असा प्रसंग आता एका फायबरच्या होडीच्या पाठीवर बसलेला असतो आणि मालक फुटपट्टीने त्याची लांबी मोजत असतो. पाइप थोडा आत सरकवला की इंजिनाचे फेरे वाढतात, बाहेर ओढला की खालच्या फेऱ्यांना जोर मिळतो. लाट जुळली की आवाज एकदम चढतो. त्याला पाइपवर येणं म्हणतात.

होडी पाइपवर आली की केबल तुटते. पूर्वी तुटत नव्हती, कारण पूर्वी तेवढा जोरच नव्हता. मग जाड केबल. ही केबल भाराखाली पीळ आवळून आखूड होते, म्हणून पंख्याच्या पुढे जवळजवळ तीन मिलिमीटरची फट मुद्दाम सोडायची असते. जो नीटनेटका माणूस ती फट दिसायला वाईट म्हणून बुजवतो, त्याचं इंजिन मागून ओढलं जाऊन बसतं. जाड केबल बसली की पंखा अपुरा वाटू लागतो. ऑक्टुरा कंपनीचा एक्स ४४२ घ्या: व्यास ४२ मिलिमीटर, पिच त्याच्या १.४ पट, म्हणजे एका फेरीत कागदावर ५९ मिलिमीटरची मजल. २५ हजार फेऱ्यांना ताशी ८८ किलोमीटर होतात. पाणी त्यातले काही कापून घेतं, पण हा आकडा मालक झोपेतही सांगू शकतो. असा पंखा ओतीव येतो, बोथट. त्याला धार लावायची, तोल साधायचा, आणि तो बेरिलियम-तांब्याचा असेल तर तोंडाला मास्क बांधून पाण्याखाली घासायचा, कारण ती धूळ फुप्फुसाला घातक असते. खेळण्याच्या दुकानात शिरलेला माणूस इथपर्यंत कसा आला, हे त्यालाही नेमकं सांगता येत नाही.

नवा पंखा होडीचं नाक उचलतो. वेग येतो आणि वळणावर होडी लोळण घेते. त्यावर उपाय, बाजूला पाण्यात उतरणारं एक धारदार पातं, टर्न फिन. ते उजवीकडेच लावायचं, कारण शर्यती घड्याळाच्या दिशेने होतात आणि सगळी वळणं उजवीच. पात्याने होडी उजवीकडे रुळावरून गेल्यासारखी वळते. वेगात डावीकडे वळवली तर हमखास उलटते. अशा रीतीने बराच पैसा खर्च करून माणसाकडे फक्त उजवीकडे वळणारी होडी तयार होते, आणि ती घेऊन तो मोठ्या अभिमानाने हिंडतो. पुढे सुकाणूचा सर्व्हो, म्हणजे ते हलवणारी छोटी मोटर, कमी पडतो. मग सर्व्होची बॅटरी. मग धावत्या होडीत सुई फिरवण्यासाठी तिसरा सर्व्हो, म्हणजे काठावरच्या चार सल्लागारांचं ऐकायला आता होडी परत आणायचीही गरज उरत नाही.

रेडिओची गोष्ट त्या मानाने सुखाची. पूर्वी प्रत्येकाचा ठरलेला चॅनेल असे आणि दोघांचा एकच निघाला तर एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची होडी पिसाळायची. त्यावर क्लबांनी काढलेला तोडगा म्हणजे फळीवर नंबर घातलेले कपडे वाळत घालायचे चिमटे. चिमटा तुमच्याकडे असेल तरच रेडिओ चालू करायचा. चिमटा खिशात घालून जेवायला गेलेल्या माणसाबद्दल जे बोललं जायचं ते छापता येत नाही. २.४ गिगाहर्ट्झचे संच आले आणि चिमटे गेले. सिग्नल तुटला तर थ्रॉटल आपोआप बंद करणारी सोयही आली. वाचलेला वेळ पाइप सरकवण्यात जातो.

मध्यंतरी ब्रशलेस मोटर आणि लिथियम बॅटऱ्या आल्या. बटण दाबा, होडी पळते. घरी आणा, फडक्याने पुसा. धूर नाही, आवाज कमी, त्यामुळे ज्या तळ्यांवरून शेजाऱ्यांच्या तक्रारींनी नायट्रोला हाकललं, तिथेही चालते, आणि वेगातही ती मागे नाही. नायट्रोवाला तिच्याकडे सहानुभूतीने बघतो. त्याच्या मते तिला वास नाही, आवाज नाही आणि मुख्य म्हणजे आत उघडून बघावं असं काही नाही. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांसमोर चालवलेली, ६१३,८०९ क्रमांकाचं पेटंट मिळवलेली जगातली पहिली रेडिओची होडी बॅटरीवरच चालत होती, हा विषय तो शक्यतो काढत नाही.

एवढ्या अपग्रेडमधून निघालेले जुने सुटे भाग कुणी टाकत नाही. जुना सायलेन्सर चांगला आहे. मूळ केबल एक तुटली, पण तिची जोडीदार पेटीत आहे. आधीचा पंखा, पहिला सर्व्हो, मूळ कार्ब्युरेटर, बेअरिंग बदलून ठीकठाक झालेलं जुनं इंजिन, भांड्यात शिजवून चकचकीत केलेलं. एका संध्याकाळी गॅरेजातला खण आवरताना लक्षात येतं, की खणात सबंध एक होडी आहे, नुसता सांगाडा कमी. सांगाडा काही फार महाग नसतो. तो मागवलेला आहे. मंगळवारी यायचा आहे आणि घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.